एक दिवस उशिरा आलेला कागद

१८५२ सालच्या फेब्रुवारीतल्या लागोपाठच्या तीन तारखा. १८ तारखेला चेचन्याच्या जंगलात रशियन फौजेची डोंगरी लढवय्यांशी चकमक झाली. १९ तारखेला त्या चकमकीत ज्यांनी पराक्रम केला त्यांच्या नावांची यादी वरिष्ठांकडे रवाना झाली. आणि २० तारखेला, ज्याची वाट पाहून एका तरुणाचे डोळे शिणले होते, तो सरकारी कागद येऊन पोचला. हा कागद दोन दिवस आधी आला असता तर यादीत आणखी एक नाव बसलं असतं. काउंट लेव्ह निकोलायेविच टॉलस्टॉय, वय वर्षं तेवीस.

सेंट जॉर्जचा क्रॉस हे रशियन शिपायाच्या छातीवरचं सर्वात मानाचं पदक. ते निव्वळ एका कागदापायी हातचं गेलं, हे दुःख त्याने त्याच वर्षी मे महिन्यात तात्याना येर्गोल्स्काया हिला लिहिलेल्या पत्रात सांगितलं आहे. ही त्याची वडिलांकडून दूरच्या नात्यातली आत्या. आई तो दोन वर्षांचा व्हायच्या आतच गेली, त्यामुळे आईची माया त्याला हिच्याकडूनच मिळाली. तिला तो फ्रेंचमध्ये पत्रं लिहायचा आणि काही हातचं राखून ठेवायचा नाही. तारखांचा हा हिशोब त्या पत्रातलाच. (तारखा इथे जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे दिल्या आहेत. ते पंचांग त्या शतकात आपल्या नेहमीच्या कॅलेंडरपेक्षा बारा दिवस मागे चालायचं.)

टॉलस्टॉयची फौजेतली नोकरी जेमतेम पाच वर्षांची. तिची हकिकत दोन वेगवेगळ्या दफ्तरांत विखुरली आहे. एक दफ्तर सरकारचं: नेमणुकीचे आणि बढतीचे हुकूम, शिफारशींच्या याद्या आणि प्रत्येक अधिकाऱ्याचं सेवापुस्तक. रशियन फौजेतल्या या सेवापुस्तकाला ठरावीक रकाने असत. हुद्दा, धर्म, कूळ, मालमत्ता, शिक्षण, कोणकोणत्या मोहिमांत भाग घेतला, शिक्षा झाली का, रजा किती, लग्न झालंय का. दुसरं दफ्तर त्याचं स्वतःचं. मार्च १८४७ मध्ये कझानच्या दवाखान्यात पडल्या पडल्या सुरू केलेली रोजनिशी, आणि घरच्यांना लिहिलेली पत्रं. रशियन लष्कराची जुनी कागदपत्रं आज मॉस्कोत लेफोर्तोवो वाड्यात जपलेली आहेत, आणि टॉलस्टॉयची हस्तलिखितं त्याच शहरात त्याच्या नावाच्या संग्रहालयात. १९२८ ते १९५८ या काळात निघालेल्या त्याच्या समग्र साहित्याच्या नव्वद खंडांपैकी सेहेचाळिसावा खंड या तरुणपणच्या रोजनिशीचा आहे. दोन्ही दफ्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचली की एकाच माणसाच्या दोन वेगळ्या हकिकती समोर येतात. मला या दोन हकिकतींमधली फट महत्त्वाची वाटते. पुढे 'युद्ध आणि शांती' लिहिणारा लेखक त्या फटीतच घडला असं माझं ठाम मत आहे.

खरं तर फौजेत जायचं म्हणून तो घरातून निघालाच नव्हता. कझान विद्यापीठ अर्धवट सोडलेलं, मॉस्को आणि पीटर्सबर्गमध्ये पत्त्यांच्या डावात पैसा उधळलेला, डोक्यावर कर्ज. थोरला भाऊ निकोलाय कॉकेशसमध्ये तोफखान्यात अधिकारी होता. तो रजा संपवून परत निघाला तेव्हा हाही त्याच्याबरोबर चालू लागला. व्होल्गेतून होडीने आस्त्राखानपर्यंत आणि तिथून तेरेक नदीकाठच्या स्तारोग्लादकोव्स्काया या कोसॅक गावी. ३० मे १८५१ रोजी तिथे पोचला त्याच रात्री त्याने रोजनिशीत स्वतःलाच विचारलं की मी इथे आलो कसा आणि कशासाठी. उत्तर त्याच्यापाशी नव्हतं.

जूनमध्ये भावाच्या पलटणीबरोबर तो एका स्वारीवर गेला. साध्या कपड्यांत, कुठल्याही हुद्द्याशिवाय, नुसता हौशी म्हणून. आघाडीचे सेनापती प्रिन्स बार्यातिन्स्की यांना या पोराची हिंमत आवडली आणि त्यांनी त्याला फौजेत येण्याचा सल्ला दिला. त्याच महिन्यात तो पत्त्यांत साडेआठशे रुबल हरला. त्यातले पाचशे उधारीवरचे होते.

आणि इथून कागदांचा फेरा सुरू होतो. भरतीची परीक्षा द्यायला तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीला, पोचला. तिथे कळलं की त्याचं नाव अजून तुळा प्रांताच्या सरकारी नोकरीत लागलेलं आहे. दीड-दोन वर्षांपूर्वी नावापुरती कारकुनी पत्करली होती, पीटर द ग्रेटने १७२२ मध्ये ठरवलेल्या चौदा पायऱ्यांपैकी सर्वात खालच्या पायरीवरची. काम असं त्याने कधी फारसं केलंच नव्हतं. पण एका नोकरीतून मोकळं केल्याचा दाखला असल्याशिवाय दुसऱ्या नोकरीत घेता येत नाही, हा नियम त्याच्यासाठी कोण मोडणार? दाखल्यासाठी अर्ज गेला. तुळा तिथून शेकडो कोस लांब, आणि दिवस हिवाळ्याचे.

भाऊ तळावर परतला. हा एकटा तिफ्लिसच्या जर्मन वस्तीत खोली घेऊन राहिला. आजारी पडला, औषधपाण्यात पैसे संपले. त्या सक्तीच्या मुक्कामात त्याने 'बालपण' या आपल्या पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित पुढे ओढलं. दाखला वेळेवर आला असता तर त्या दिवसांत तो तळावर कवायत करत असता. सरकारी दफ्तराच्या लेखी मात्र हे दोन महिने कोरे आहेत. त्या काळात टॉलस्टॉय नावाचा कोणी सैनिकच नव्हता.

त्याच डिसेंबरात हाजी मुराद तिफ्लिसमध्ये आला. डोंगरी लढवय्यांचा पुढारी इमाम शामिल याचा उजवा हात मानला गेलेला हा सरदार शामिलशी वैर आल्यावर रशियनांना शरण आला होता, आणि सारं शहर त्याच्याविषयी बोलत होतं. टॉलस्टॉयने २३ डिसेंबरला भाऊ सर्गेयला लिहिलेल्या पत्रात याचा दोन ओळींत उल्लेख केला. चेचन्यातला सर्वात धाडसी वीर, पण शरण येऊन त्याने नीचपणा केला, अशा अर्थाचा. तेवीस वर्षांच्या तरुणाचा तो उतावळा निवाडा होता. याच माणसावर त्याने म्हातारपणी कादंबरी लिहायला घेतली तेव्हा सरकारी कागद मिळवले आणि व्हाइसरॉय व्होरोन्त्सोव्हचं एक अख्खं पत्र तिच्यात घातलं. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. ज्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली हाजी मुराद होता त्याच्या विधवेला त्याने पत्र पाठवून बारीकसारीक गोष्टी विचारल्या. ज्या घरात हाजी मुरादला ठेवलं होतं ते कसं होतं, पळून गेला तेव्हा घोडे कोणाचे होते. सरकारी दफ्तरात काय मिळतं आणि काय मिळत नाही हे तोवर त्याला पुरतं उमगलं होतं.

३ जानेवारी १८५२ रोजी परीक्षा झाली. दाखला अजूनही आलेला नव्हता, तरी एका वरिष्ठाने मेहेरबानी करून चिठ्ठी दिली की याला तूर्त तोफखान्यात काम करू द्यावं, कागद आले की रीतसर नाव चढवता येईल. हुद्दा 'फायरवेर्कर' चौथा वर्ग. शब्द जर्मन, काम आपल्याकडच्या गोलंदाज नाईकाचं. त्याच आठवड्यात तळावरून निकोलायचं पत्र आलं. टॉलस्टॉयचा चेचेन दोस्त सादो याने त्या पाचशे रुबलच्या उधारीची चिठ्ठी धनकोकडून पत्त्यांत जिंकून घेतली होती आणि तशीच निकोलायच्या हातात ठेवली होती. सादोच्या मुलखावर रशियन तोफा चालल्या होत्या, आणि दोस्ती झाली ती एका रशियन गोलंदाजाशी. चेचेन रिवाजात 'कुनाक', म्हणजे मानलेला मित्र, जिवापलीकडे जपायचा असतो. या उपकाराची नोंद करायला सेवापुस्तकात रकाना नाही.

मग ती जानेवारी-फेब्रुवारीची मोहीम. जंगलं तोडून रुंद पट्टे मोकळे करायचे म्हणजे लढवय्यांना आडोसा उरणार नाही, वाटेतली गावं जाळायची, धान्य नासायचं, असं त्या युद्धाचं स्वरूप होतं. हुकुमांत याला 'डोंगरी लोकांविरुद्धची कामगिरी' म्हणत. जळालेल्या गावाचं नाव तिथे क्वचितच येतं आणि त्यात राहणाऱ्या बायामाणसांचं तर कधीच नाही. ते गाव शेवटी 'हाजी मुराद' कादंबरीत आलं, पन्नास वर्षांनी.

१८ फेब्रुवारी हा त्याचा नामदिन, त्याचं नाव ज्या संतावरून ठेवलं होतं त्याचा दिवस. कॉकेशसमधल्या त्याच्या आयुष्यात ही तारीख पुन्हा पुन्हा येते. म्हातारपणी एका १८ फेब्रुवारीला लिहिलेल्या पत्रात त्याने आठवण सांगितली की तरुणपणी याच दिवशी मी नेम धरत असलेल्या तोफेच्या चाकावर शत्रूचा गोळा येऊन आदळला होता. समोरच्या तोफेचं तोंड केसभर इकडे-तिकडे असतं तर मी उरलो नसतो. मला हे वाक्य टॉलस्टॉयच्या इतिहासविषयक साऱ्या विचारांची किल्ली वाटते. एवढे लेख, एवढ्या कादंबऱ्या, यास्नाया पोल्याना या त्याच्या गावची शाळा, गांधीजींशी झालेला पत्रव्यवहार, हे सगळं त्या केसभर अंतरावर तोललेलं होतं.

क्रॉस एकूण तीनदा हुकला. पहिल्यांदा कागदापायी. दुसऱ्या वेळची हकिकत त्याच्या चरित्रकारांनी आठवणींतून नोंदवली आहे. तुकडीच्या वाट्याला क्रॉस आले तेव्हा कमांडर अलेक्सेयेव्ह त्याला म्हणाला की हक्क तुझाच आहे, पण हा म्हाताऱ्या शिपायाला मिळाला तर त्याला जन्मभर पेन्शन लागेल. टॉलस्टॉयने क्रॉस सोडला. तिसऱ्या वेळी चूक त्याची स्वतःची होती. १७ आणि १८ फेब्रुवारी १८५३ रोजी काचकालिक डोंगराजवळच्या लढाईत त्याच्या तोफेने चांगलं काम केलं, शिफारसही झाली. पण मार्चमध्ये बुद्धिबळाच्या नादात पहाऱ्यावर जायचं राहिलं असं सांगतात. वरिष्ठाने अटकेत टाकलं आणि क्रॉस गेला. १० मार्चच्या रोजनिशीत वैताग भरून राहिला आहे. कॉकेशसच्या नोकरीने कष्ट, आळस आणि वाईट संगत यापलीकडे काही दिलं नाही, असं तो लिहितो. ज्या सुमारास तो हे लिहीत होता तेव्हा 'बालपण' छापून आलेलं होतं आणि पीटर्सबर्गचे वाचक या नुसती आद्याक्षरं लावणाऱ्या नव्या लेखकाबद्दल विचारत होते. त्या रात्री मात्र त्याला छातीवर क्रॉस हवा होता.

उन्हाळ्यात त्याने राजीनामा दिला. तेवढ्यात तुर्कस्तानशी युद्धाचे ढग जमले, राजीनामे आणि रजा बंद झाल्या. तेव्हा त्याने डॅन्यूबच्या फौजेत बदली मागितली. १८५४ च्या जानेवारीत तो स्तारोग्लादकोव्स्काया सोडून घरी निघाला. वाटेत नोव्होचेर्कास्कच्या अलीकडे बर्फाच्या वादळात घसरगाडी रात्रभर भरकटली. पुढे 'बर्फाचं वादळ' ही कथा झाली ती या रात्रीची. आणि इकडे ९ जानेवारी १८५४ च्या हुकुमाने त्याला अधिकारी केलं होतं. कशाबद्दल? १७-१८ फेब्रुवारी १८५३ च्या कामगिरीबद्दल. ज्या लढाईचा क्रॉस पहाऱ्यापायी गेला त्याच लढाईची बढती अकरा महिन्यांनी आली, आणि ती त्याला कळली तेव्हा कॉकेशस मागे पडलं होतं. पुढची मजल झटपट झाली: बुखारेस्ट, सिलिस्त्रियाचा वेढा, मग स्वतः मागून घेतलेली क्रिमियातली बदली. ७ नोव्हेंबर १८५४ ला तो सेवास्तोपोलमध्ये पोचला, तुर्कस्तानच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंचांनी आणि त्यांच्या मित्रफौजांनी वेढलेल्या शहरात.

इथे येण्याआधीच त्याने काही अधिकाऱ्यांबरोबर सैनिकांसाठी एक स्वस्त नियतकालिक काढायचं ठरवलं. पैशासाठी यास्नाया पोल्यानातलं मोठं घर विकायला सांगितलं, ज्या घरात तो जन्मला होता तेच. घेणाऱ्याने ते उतरवून लाकूडफाट्यासकट आपल्या गावी नेलं. झारने नियतकालिकाला परवानगी नाकारली. जानेवारी १८५५ मध्ये त्या पैशातले दीड हजार रुबल तो पत्त्यांत हरला. रोजनिशीत त्याने हे स्वतःला जराही न सोडता लिहिलं आहे. यास्नाया पोल्यानात त्या घराच्या जागी आज एक दगड आहे, बाकी झाडं.

एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंत त्याची तोफखान्याची तुकडी चौथ्या बुरुजावर होती. वेढ्यातल्या सर्वात धोक्याच्या जागांपैकी ही एक. समोर फ्रेंचांचे खंदक दिवसेंदिवस जवळ सरकत होते. बुरूज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दगडी चिरेबंदी येते. इथे होता मातीचा चढ, वेताच्या करंड्यांत माती भरून रचलेले आडोसे, खाली खणलेली भुयारी खोली आणि पायाखाली चिखल. पाळी असेल ते दिवस तिथे काढायचे, मग शहरात विश्रांती. त्या भुयारात बसून त्याने 'डिसेंबरमधलं सेवास्तोपोल' लिहिलं. हा लेख वाचकाचा हात धरून त्याला शहरातून नेतो, आधी जखमींच्या दालनात, मगच बुरुजावर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. लष्करी अहवालात आधी हल्ला येतो, मग विजय, आणि जखमी सर्वात शेवटी, आकड्यात.

४ ऑगस्टला चोर्नाया नदीवर रशियन फौजेने शेवटचा मोठा हल्ला केला आणि सपाटून मार खाल्ला. टॉलस्टॉय तिथे होता. तीन-चार दिवसांनी त्याने आत्याला कळवलं की मी जिवंत आहे, धडधाकट आहे, लढाईत होतो पण माझा भाग थोडाच होता. पुढच्या वर्षी, २६ मार्च १८५६ रोजी, त्याला लेफ्टनंटच्या बरोबरीचा 'पोरुचिक' हुद्दा मिळाला. कारण म्हणून नोंद झाली ती ४ ऑगस्टच्या लढाईत दाखवलेल्या असामान्य शौर्याची. उद्या एखाद्या संशोधकापाशी फक्त सेवापुस्तक असेल तर तो चोर्नायाच्या लढाईत टॉलस्टॉयला वीर ठरवेल. फक्त पत्र असेल तर चौथ्या बुरुजावरचे ते दीड महिनेही त्याला किरकोळ वाटतील. शौर्य होतं हे खरं. पण ते होतं एका जागी आणि नोंदलं गेलं दुसऱ्याच तारखेला.

पुन्हा १८५५ कडे. २७ ऑगस्टला फ्रेंचांनी मालाखोव्ह टेकडी घेतली. रात्री रशियन फौज पुलावरून पलीकडच्या काठाला गेली. दुसऱ्या दिवशी त्याचा सत्ताविसावा वाढदिवस. शहर जळताना आणि आपल्या बुरुजांवर फ्रेंच निशाणं फडकताना पाहून मला रडू आलं, असं त्याने आत्याला लिहिलं.

यानंतर त्याच्यावर जे काम आलं ते त्याच्या साऱ्या सैनिकी आयुष्यातलं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. तोफखान्याचे वरिष्ठ अधिकारी क्रिझानोव्स्की यांनी वेगवेगळ्या बुरुजांवरच्या अधिकाऱ्यांनी पाठवलेले वीसाहून जास्त अहवाल त्याच्यापुढे ठेवले आणि या सगळ्यांचा मिळून शेवटच्या भडिमाराचा एकच अहवाल तयार करायला सांगितलं. साडेतीन वर्षांपूर्वी ज्याचं नाव एका यादीतून राहून गेलं होतं, त्याच्याच हातात आता सरकारी दफ्तराची लेखणी आली. बहुतेकांनी तो भडिमार आडोशामागून पाहिलेला असणार. कानठळ्या बसलेल्या, धुरात चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. तरी अशा कागदांवर सगळं नीट, क्रमवार घडतं. टॉलस्टॉयने ते जुळवून अहवाल लिहिला आणि नोव्हेंबर १८५५ मध्ये सरकारी निरोप्या म्हणून तोच घेऊन पीटर्सबर्गला गेला. तिथे तुर्गेन्येव्हच्या घरी उतरला, आणि क्रिमियाहून आलेल्या या अधिकाऱ्याला पाहायला साहित्यिकांची रीघ लागली. वर्षभराने, २६ नोव्हेंबर १८५६ ला, त्याचा राजीनामा मंजूर झाला. तलवारीच्या मुठीवर सेंट ॲनचं चौथ्या वर्गाचं शौर्यपदक होतं. छातीवर सेंट जॉर्ज नव्हता.

ते वीस अहवाल त्याच्या मनातून कधीच गेले नाहीत. 'युद्ध आणि शांती'त तरुण निकोलाय रोस्तोव्ह मित्रांना आपल्या पहिल्या लढाईची गोष्ट सांगायला बसतो तेव्हा त्याला खरंच बोलायचं असतं. तरी सांगता सांगता, समोरच्यांना जे ऐकायचंय तिकडे तो नकळत घसरतो. ही कादंबरी क्रमाक्रमाने निघत असताना जुन्या सैनिकांनी आणि इतिहासकारांनी टॉलस्टॉयला दोष दिला की तुमच्या लढाया कागदपत्रांशी जुळत नाहीत. त्याने १८६८ मध्ये उत्तर दिलं, आणि ते ज्या मासिकात छापलं त्याचं नाव होतं 'रशियन आर्काइव्ह'. लढाई संपताच सैनिकांत फिरा, तो म्हणतो, अहवाल लिहिले जायच्या आधी. जो तो आपण पाहिलेलं सांगेल, आणि तुमच्या मनावर एक गुंतागुंतीचं, जड, अस्पष्ट ओझं येईल. दोन-तीन दिवसांनी अहवाल जातात, त्यांचा एक मोठा अहवाल होतो, आणि मग प्रत्येकाला आपली शंका त्या स्वच्छ, सोयीच्या चित्राशी बदलून घेतल्यावर हायसं वाटतं. महिन्याभराने विचाराल तर तो अहवालातलंच सांगेल.

या ठिकाणी त्याने सेवास्तोपोलच्या त्या वीस कागदांचा दाखला दिला. त्यांच्या नकला करून ठेवल्या नाहीत याची त्याला हळहळ वाटत होती, कारण लष्करी इतिहास ज्या भाबड्या आणि अपरिहार्य असत्यातून उभा राहतो त्याचा इतका चांगला नमुना दुसरा नव्हता. ज्या सोबत्यांनी ते अहवाल लिहिले त्यांनी या ओळी वाचल्या तर त्यांना हसू येईल, असंही त्याने लिहिलं. वरिष्ठांच्या हुकुमावरून आपण काय काय लिहीत होतो, जे आपल्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं, ते त्यांना आठवेल.